सतरा मूव्हचा काता

किंग्ज सर्कलला फुटपाथवर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत ना, तिथे मला ते पुस्तक मिळालं. १९९७ ची मे महिन्याची सुट्टी, मी नववीत जाणार होते आणि आई मला घेऊन सेकंडहँड पुस्तकं शोधायला आली होती. भूगोल मिळाला, बीजगणित मिळालं, आणि ढिगाच्या अगदी तळाशी एक इंग्लिश पुस्तक दिसलं, कव्हर नाही, पाठीचा डिंक सुटलेला, आत पानोपानी ब्लॅक अँड व्हाइट फोटो. पांढऱ्या ड्रेसमधला एक जपानी माणूस, कधी हात वर, कधी खाली, प्रत्येक फोटोखाली एक नंबर. दुकानदार ४० म्हणाला, आईने २५ वर आणलं. मग मला विचारलं, हे शाळेत लागतं का? मी नाही म्हटलं. तिने तरी घेऊन दिलं.

तेव्हा आम्ही नायगावला चाळीत राहायचो, बाबांची मिल बंद पडून बरीच वर्षं झाली होती, ते एका सोसायटीत वॉचमन होते. कराटे क्लास जवळ होता, संध्याकाळी मैदानातून मुलांचे आवाज यायचे, पण महिन्याची फी, वर ड्रेसचे पैसे, वर दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा आणि त्याची वेगळी फी, हे आमच्या घरात कोणी बोलूनसुद्धा दाखवलं नसतं. मी पण नाही बोलले. पुस्तक होतं, गच्ची होती, बास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काता म्हणजे कराटेतले ठरलेले मूव्ह, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना, एकट्याने करायचे. समोर कोणी नसतं पण आहे असं धरून करायचे. शोतोकान नावाची जी स्टाइल आहे (मुंबईत खूप क्लासेसमध्ये हीच शिकवतात) तिच्यात पहिला महत्त्वाचा काता म्हणजे हेइआन शोदान, २१ मूव्हचा. वरून बघितलं तर चालण्याची रेघ इंग्लिश कॅपिटल आय सारखी दिसते, दोन्ही टोकांना आडव्या रेघा आणि मधे एक उभी. पुस्तकात त्याचं चित्र होतं, छोटी छोटी पावलं काढलेली, आणि मी ते जसंच्या तसं खडूने गच्चीवर काढलं, टाकीच्या शेजारी, जिथे शेजारच्या काकू पापड वाळत घालायच्या त्याच्या पलीकडे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि सगळं धुवून गेलं. मग विटेच्या तुकड्याने काढलं, ते पण गेलं, आणि मग लक्षात आलं की आता रेघ नसली तरी पाय बरोबर पडतायत.

सगळ्यात पहिली अडचण डाव्या-उजव्याची. फोटोतला माणूस माझ्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा डावा हात माझ्या उजव्या बाजूला. तो वळला की त्याची पाठ दिसते, मग डावं-उजवं परत सरळ होतं, आणि आडवा उभा राहिला की लांबचा हात अंगाआड जातो. मी काय केलं, प्रत्येक फोटोतल्या डाव्या मुठीवर लाल बॉलपेनने ठिपका काढला आणि स्वतःच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधला. फोटो बघायचा, ठिपका शोधायचा, दोरा शोधायचा, मग हात हलवायचा. एका मूव्हला एकेक संध्याकाळ गेली आहे माझी. पण असं केल्याने ते फोटो इतके पाठ झाले की आजही डोळे मिटले तर सहाव्या मूव्हला त्याच्या पट्ट्याचं टोक कुठल्या बाजूला लोंबत होतं ते सांगू शकते.

दुसरी अडचण इंग्लिशची. मी मराठी मीडियमची, फोटोखाली दोन-दोन ओळी असायच्या आणि त्यात एक शब्द सारखा यायचा, पिव्हट. शाळेच्या डिक्शनरीत बघितलं तर लिहिलं होतं, ज्यावर वस्तू फिरते ती खीळ. गावाला आजीचं जातं होतं, त्याच्या मधोमध ती खीळ, खालची तळी जागेवर, वरची फिरते आणि खीळ हलत नाही. म्हणजे एक पाय खीळ करायचा आणि बाकीचं अंग त्याच्याभोवती फिरवायचं. हे मला कोणी समजावलं नव्हतं, जात्याने समजावलं, आणि नंतर खूप वर्षांनी मी मुलींना शिकवताना हेच सांगितलं तर त्यांना जातं कोणालाच माहीत नव्हतं, मिक्सरचं पातं सांगावं लागलं, पण मिक्सरमध्ये ते वजन येत नाही.

तर अशा रीतीने मी हेइआन शोदान शिकले. डावीकडे वळून खालचा ब्लॉक (ब्लॉक म्हणजे समोरच्याचा मार हाताने अडवणं), गेदान बराई, एक पाऊल पुढे आणि पंच. मागे वळून परत तेच, पण मधे एकदा पुढचा पाय थोडा मागे ओढून मूठ वरून हातोड्यासारखी खाली मारायची, मग पंच. मग मधल्या रेघेवर एक खालचा ब्लॉक आणि तीन वरचे ब्लॉक, तिसऱ्याला किआई म्हणजे आरोळी (मी गच्चीवर आवाज न काढता फक्त तोंड उघडायचे, खाली लोक झोपलेले असायचे). मग वळून ब्लॉक आणि पंच, परत उलटं वळून ब्लॉक आणि पंच, मग मधल्या रेघेवरून परत येताना ब्लॉक आणि तीन पंच, तिसऱ्याला परत किआई. सतरा मूव्ह. आणि सतराव्या मूव्हला मी बरोबर तिथेच यायचे जिथून सुरुवात केली होती, फक्त पाठ पुढच्या दिशेला. मग मी वळून सरळ उभी राहायचे आणि नमस्कार करायचे. पुढचं पान पुस्तकात नव्हतंच. पुढच्या पानापासून दुसराच काता अर्ध्यातून सुरू व्हायचा. सुरू केलं तिथेच आपण परत आलो म्हणजे संपलं, हे इतकं बरोबर वाटायचं की शंका यायचा प्रश्नच नव्हता.

दोन वर्षं मी रोज तो सतरा मूव्हचा काता केला. दहावीची परीक्षा चालू असतानासुद्धा.

१९९९ मध्ये आमच्या जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये एक सर शिकवायला लागले. ते मुलींकडून अर्धी फी घ्यायचे आणि ड्रेस नसला तरी चालेल म्हणायचे, पंजाबी ड्रेसवर या. मी गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, आधी कुठे शिकलीस का? मी म्हटलं, हेइआन शोदान येतो. ते म्हणाले, बरं, दाखव.

मी दाखवला. हॉलमध्ये पंधरावीस मुलं होती, सगळी गप्प. सतरावा पंच मारला, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने किआई केली, वळले, सरळ उभी राहिले, नमस्कार केला. सर तसेच उभे. मग म्हणाले, "पुढे?"

मी म्हटलं, "संपला सर."

"कोणी शिकवला तुला?"

"पुस्तकातनं."

ते हसले नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. म्हणाले, "उद्या पुस्तक घेऊन ये." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते जमिनीवर बसून पान न् पान उलटून बघितलं, ते लाल ठिपके बघितले, माझ्या मनगटावरचा दोरा बघितला, आणि शेवटच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "अगं, इथे पान नाही. चार मूव्ह राहिलेत तुझे."

ते चार मूव्ह म्हणजे शुतो उके, हात सुरीसारखा उघडा ठेवून ब्लॉक करायचा आणि वजन मागच्या पायावर घ्यायचं. सगळ्या कातामध्ये इथेच फक्त स्टान्स, म्हणजे उभं राहायची पद्धत, बदलतो, तोपर्यंत वजन पुढे असतं. म्हणजे त्या कातामधली एक पूर्ण वेगळी गोष्ट माझ्यापर्यंत आलीच नव्हती. मी घरी येऊन खूप रडले. आईला वाटलं सर काही बोलले. मी म्हटलं नाही गं, ते काहीच बोलले नाहीत.

पण खरं सांगायचं तर ते चार मूव्ह शिकायला एक आठवडा लागला. जे होते ते सतरा दुरुस्त करायला दीड वर्ष लागलं. राहिलेलं शिकता येतं हो, चुकीचं बसलेलं काढणं फार अवघड. आमचे एक आजोबा, आईचे मामा, कोल्हापूरला तालमीत दांडपट्टा खेळायचे, ते म्हणायचे हात बसला पाहिजे. माझा हात बसला होता, पण वाकडा बसला होता.

एक उदाहरण सांगते, म्हणजे पुस्तकात नक्की काय नसतं ते कळेल. नववा मूव्ह म्हणजे तिसरा वरचा ब्लॉक, तेव्हा उजवा पाय पुढे असतो. दहावा मूव्ह म्हणजे तोंड उजव्या बाजूला, डावा पाय पुढे, डाव्या हाताने खालचा ब्लॉक. पुस्तकात नवव्याचा फोटो आहे आणि दहाव्याचा फोटो आहे. मी काय केलं असेल? डावा पाय उचलला, समोरून उजवीकडे टाकला, ९० अंशात काम झालं. फोटोशी ताडून बघितलं, शंभर टक्के बरोबर. पण खरा मूव्ह असा नाहीच. उजवा पाय खीळ करून डावा पाय पाठीमागून न्यायचा, डाव्या बाजूने पूर्ण फिरायचं, २७० अंश. शेवटी उभं राहायचं तिथेच, तोंड तिकडेच, फोटो तोच. फक्त मधला रस्ता वेगळा. आणि सगळं मधल्या रस्त्यातच आहे, कारण लांबून फिरताना कंबर आधी जाते, खांदा तिच्या मागून येतो आणि हात सगळ्यात शेवटी, जोर तिथून येतो. मी पाय वेगळा टाकत होते आणि हात वेगळा मारत होते. पुस्तकात खाली ओळीत लिहिलेलंही होतं बहुतेक, पण मी पिव्हट वाचलं आणि किती अंश ते वाचायचं राहिलं. फोटो दिसत होता ना, मग कोण वाचतंय.

तसंच गुडघ्याचं. पुढे वजन घेतो तो स्टान्स, झेनकुत्सु दाची, पुस्तकात बहुतेक वेळा बाजूने काढलेल्या फोटोत दिसायचा, बाजूने बघितलं तर गुडघा वाकलेला दिसतो पण तो आत पडतोय का बाहेर ते दिसत नाही. माझा आत पडायचा. दादर स्टेशनचा पूल चढताना डावा गुडघा दुखायचा, मी आईला सांगायचे दप्तर जड आहे. सरांनी समोर उभं राहून, एका बोटाने गुडघा दोन इंच बाहेर सरकवला आणि म्हणाले, बोटांच्या दिशेला ठेव. काही महिन्यांत दुखणं गेलं. कोणाचे पालक, कोणाची मुलं हे वाचत असतील तर एवढं नक्की ऐका, मूव्ह चुकला तर नंतर दुरुस्त होतो, गुडघा लहान वयात गेला तर फार त्रास होतो, एखाद्या जाणत्या माणसाला समोरून बघायला सांगा.

आणि तो चौथा मूव्ह, हातोड्यासारखी मूठ. दोन वर्षं मी पुढचा पाय मागे का ओढायचा ते न कळता ओढत होते. नाचातली स्टेप करतो तशी. सरांनी एक दिवस माझं उजवं मनगट घट्ट पकडलं आणि म्हणाले, आता कर. पाय मागे घेतला तसा सगळ्या अंगाने हात खेचला गेला, हात गोल फिरून सुटला आणि मूठ वरून त्यांच्या दंडावर आली. एका सेकंदात कळलं. त्या मूव्हमध्ये माझ्याबरोबर कायम एक माणूस होता, ज्याने माझा हात धरलेला होता, आणि मला तो दोन वर्षं दिसला नव्हता. याला बुंकाई म्हणतात, मूव्हचा अर्थ उलगडणं. ते फोटोत दाखवतातही, पण हात धरला गेल्याशिवाय सोडवायचा कसा ते अंगाला कसं कळणार?

वेळेचं तर सांगायलाच नको. फोटोंना नंबर असतात, १, २, ३, आणि आपण तसेच करतो, घड्याळासारखे, एकसारख्या अंतराने. जपानी गुरू कातामध्ये तीन गोष्टी बघायला सांगतात, ताकद कुठे जास्त कुठे कमी, अंग कुठे आकसतं कुठे पसरतं, आणि वेग कुठे सावकाश कुठे जलद. तबल्याचे बोल वहीत लिहिता येतात, मात्रा पण लिहिता येतात, पण वही वाचून कोणी तबला वाजवायला लागला असं ऐकलंय का? सर टाळी वाजवून दाखवायचे, आणि दोन टाळ्यांच्या मधली जी जागा आहे ना, तिथे श्वास.

आता मी हे सगळं सांगतेय म्हणून पुस्तकावर राग आहे असं समजू नका, उलट आहे. नंतर कॉलेजला असताना मी दादरच्या एका ग्रंथालयात जाऊन या विषयावर मिळेल ते वाचत बसायचे आणि तेव्हा कळलं की पुस्तकातून काता ही भानगड खूप जुनी आहे. हे हेइआन काता मूळचे ओकिनावाचे, तिथे त्यांना पिनान म्हणतात. अंको इतोसू नावाच्या गुरूंनी १९०५ च्या आसपास ते शाळेतल्या मुलांसाठी बसवले. तोपर्यंत ही विद्या घरात, अंगणात, एका वेळी एकदोन शिष्यांना शिकवली जायची. शाळा आली की पन्नास मुलं रांगेत, आकडे मोजत, आपल्या कवायतीसारखी. म्हणजे नंबर घालून शिकवण्याची सुरुवात तिथेच झाली, त्या पुस्तकाच्या खूप आधी.

इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी, ते १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिथेच राहिले. त्यांनी त्याच वर्षी पुस्तक काढलं, चित्रं घालून. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोत मोठा भूकंप झाला, आगी लागल्या, त्यात पुस्तकाच्या प्लेट्स नष्ट झाल्या. मग १९२५ मध्ये त्यांनी नव्याने काढलं, आणि यावेळी चित्रांच्या जागी स्वतःचे फोटो. हे वाचलं तेव्हा मी माझ्या फाटक्या पुस्तकाकडे बघत बसले होते. त्यांनीच पुढे कातांची नावं बदलली, पिनानचं हेइआन केलं, नाइहांचीचं तेक्की केलं, आणि पहिल्या-दुसऱ्याचा क्रमही फिरवला, म्हणून मी ज्याला शोदान म्हणजे पहिला म्हणते त्याला ओकिनावातले लोक दुसरा म्हणतात. आणि हेच फुनाकोशी, ज्यांनी पुस्तकं लिहून कराटे जगभर नेलं, त्यांनी लिहून ठेवलंय की तेक्कीचे तीन काता शिकायला त्यांना स्वतःला १० वर्षं लागली. तीन काता! माझ्या पुस्तकात तो पहिला तेक्की २९ फोटोंत संपला असता.

त्याच्याही आधीचं म्हणजे बुबिशी, चिनी श्वेत सारस शैलीची माहिती असलेलं जुनं हस्तलिखित, ओकिनावाचे गुरू ते हाताने उतरवून घ्यायचे आणि जपून ठेवायचे. त्यात कुस्तीसारख्या पकडींची चित्रं आहेत, ४८. गोजू-र्यू या स्टाइलचं नाव चोजुन मियागींनी त्यातल्या एका ओळीवरून घेतलं. मला आवडतं ते हे, की ज्याने ते उतरवून घेतलं त्याला ते आधीच येत होतं. चित्र बघून तो शिकत नव्हता, आठवत होता. शिष्याकडे वही असणं आणि अनोळखी माणसाच्या हातात वही पडणं यात फरक आहे, आणि मी होते ती अनोळखी.

आपल्याकडेही हे झालंय हे विसरू नका. बडोद्याहून मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोश काढला, मराठीत, दहा खंड. लाठी, फरीगदगा, बनेटी, मल्लखांब, कुस्तीचे डाव, जे जे तालमीत तोंडी होतं ते कागदावर आणायचा केवढा मोठा खटाटोप. मी त्यातला लाठीचा भाग वाचून गच्चीवर वेताची काठी फिरवून बघितली तेव्हा मला ओळीत काय लिहिलंय ते कळत होतं पण काठी कुठे पकडायची तेच जमेना, आणि कोल्हापूरच्या आजोबांनी सुट्टीत दोन मिनिटांत मनगट धरून दाखवलं. मग परत तोच परिच्छेद वाचला आणि शब्द न् शब्द बरोबर निघाला. पुस्तक पहिल्यापासून बरोबरच होतं.

म्हणून आता कोणी मला विचारलं की ताई, पुस्तकातून काता शिकता येतो का, तर मी सांगते की पहिला नको. पहिला माणसाकडूनच शिक, सहा महिने लागू देत, वर्ष लागू दे. त्याच्यानंतर पुस्तक घे आणि भरपूर घे. पाचही हेइआन मिळून ११७ मूव्ह होतात, ते क्रमाने लक्षात ठेवायला पुस्तकासारखं दुसरं काही नाही. पण मूव्ह पाठ झाले म्हणजे काता आला असं समजू नकोस.

आणि हो, मोबाइलवरच्या व्हिडिओबद्दल सगळे विचारतात. बघा ना, जरूर बघा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकला पहिल्यांदाच काता होता, ओकिनावाच्याच र्यो कियुनाने गोल्ड घेतलं, मी त्याचा ओहान दाई नावाचा काता फोनवर बघितला, घरात सगळे कामात होते आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते, कारण त्या माणसाच्या दोन मूव्हच्या मधे जी शांतता होती ती मला माझ्या फोटोंच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत कधी दिसली नव्हती. तरीपण शिकायला मला व्हिडिओपेक्षा फोटो बरा वाटतो, मत माझं आहे, पटलं तर घ्या. व्हिडिओ आपल्याला ओढत नेतो, आपण मागून मागून जातो आणि वाटतं जमलं. फोटो थांबलेला असतो. त्याच्यासमोर तुम्हाला पण थांबावं लागतं, मागचा पाय बघावा लागतो, टाच टेकली आहे का बघावं लागतं, दुसरी मूठ कमरेला कुठल्या बरगडीशी लागली आहे ते बघावं लागतं. मला जी बघायची सवय लागली ती त्या २५ रुपयांच्या पुस्तकाने लावली. सर पण म्हणायचे, तू चुकीचं शिकलीस पण बारीक बघायला शिकलीस, बाकीच्यांना मला ते वेगळं शिकवावं लागतं.

मागच्या पायावरच्या वजनाचं एक सांगायचं राहिलं. त्या शेवटच्या चार मूव्हमध्ये, कोकुत्सु दाचीत, ७० टक्के वजन मागे आणि ३० टक्के पुढे असं पुस्तकात लिहितात. हे ७० म्हणजे अंगाला कसं वाटतं ते मला वर्षभर कळत नव्हतं, मला वाटायचं जमलंय. शेवटी एक दिवस शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून वजनकाटा मागून आणला, पुढचा पाय काट्यावर आणि मागच्या पायाखाली तेवढ्याच उंचीचा जेवायचा पाट. माझं वजन तेव्हा ५० किलो, म्हणजे पुढच्या पायावर १५ यायला पाहिजे. काटा २३ दाखवत होता. मागे बसले, २०. अजून मागे, मांडी थरथरायला लागली, १७. मग १५. तिथे थांबले आणि डोळे मिटले, हे असं असतं होय. घरातले सगळे बघायला जमले होते, बाबांनी पण करून बघितलं.

आता मी दर रविवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मुलींना शिकवते, फी नाही, सहासात जणी येतात. मागच्या महिन्यात एकीने विचारलं, ताई तुम्ही कुठे शिकलात, तर मी ते पुस्तक घरून आणून दाखवलं. पानं पिवळी पडलीत, लाल ठिपके तपकिरी झालेत. तिने एकेक पान उलटलं आणि शेवटी येऊन थांबली, म्हणाली, "ताई, हे सतरालाच संपलं."

मी म्हटलं हो, पान फाटलंय.

पुढच्या रविवारी ती चित्रकलेच्या वहीचा एक कागद घेऊन आली. त्यावर चार चौकोन, चार मुली, केस बांधलेल्या, हात सुरीसारखे उघडे, खाली नंबर १८, १९, २०, २१. अठरा आणि एकोणीसच्या मधे तिने खाली बाण काढला होता, ४५ अंश असं लिहून, आणि सतराकडून अठराकडे यायचा बाण पाठीमागून, लांबून, पूर्ण गोल फिरवलेला. प्रत्येकीच्या डाव्या हातावर लाल ठिपका.

कागद थोडा मोठा होता, कडा कापाव्या लागल्या. डिंकाने चिकटवलाय, वर पाटा ठेवून दोन दिवस दाबून ठेवला होता.